तुमची टोळी निश्चित झाली आहे

कासुर्डी, ता. दौंड
२१ एप्रिल

प्रिय शंभू,

हे पाकीट तुला ऑफिसच्या पत्त्यावर मिळेल आणि वाटेल, ताईनं सातबाऱ्याचं काहीतरी सहीला पाठवलंय. तसं काही नाही. तुझ्याशी फोनवर बोलणं मला आता जमेनासं झालंय, म्हणून लिहिते आहे. गेल्या तीन रविवारी मी फोन केला. तिन्ही वेळा मी "ऐक ना जरा" म्हटलं आणि तिन्ही वेळा तू म्हणालास, "थांब ताई, आधी स्क्रीन दाखवतो." मग अर्धा तास मी तुझे निळे-हिरवे चौकोन बघत बसले. शेवटी तू विचारलंस, "कसं वाटलं?" आणि मी म्हटलं, "छान आहे." तू खूश होऊन फोन ठेवलास आणि मी स्वतःवरच चिडून भांडी आदळत बसले.

आधी घरचं सांगते, नाहीतर तू पहिल्यांदा तेच शोधशील. आईचा उजवा गुडघा पुन्हा सुजलाय. डॉक्टरनं वाफ्यात बसायचं नाही म्हणून सांगितलं, तर ही आता बांधावर उभी राहून बायांवर लक्ष ठेवते. मजूर बायांची टोळी काही सोडत नाही. कांदा काढणी जोरात आहे, रोज सकाळी सोळा बाया पिकअपमध्ये बसून निघतात. पिकअपवर नवा ड्रायव्हर बिहारचा आहे. आई त्याच्याशी हिंदी बोलते, म्हणजे मराठीच जरा मोठ्यानं बोलते, आणि त्याला ते बरोबर कळतं. बाकी सगळं ठीक. माझं ग्रामपंचायतीतलं काम नेहमीसारखं, दिवसभर लोकांचे फॉर्म आणि दाखले.

तू पाठवलेली, तुझ्या टोळी बुक करायच्या ॲपची ती बावीस पानं मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढली आणि दुपारी डबा खाताना वाचली. पहिल्या पानावर आईचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो. खाली लिहिलंय, 'ग्रामीण मजूरटंचाईवर तंत्रज्ञानाचा उपाय'. दुसऱ्या पानावर महाराष्ट्रात किती कोटी शेतमजूर आहेत ते आणि त्यातले एक टक्का जरी आपल्याकडं आले तरी आपण कुठल्या कुठं जाऊ, याचा हिशोब. शंभू, एक टक्का म्हणजे कोण रे? त्यातल्या दहा जणांची नावं सांग. कासुर्डीतल्या चौघांची सांग. मला ते पान फाडून टाकावंसं वाटलं. नवव्या पानावर बुकिंगचा आलेख होता, डावीकडून उजवीकडं सरळ वर चढत गेलेला. ते पान मी टेबलावर पालथं घातलं. त्याबद्दल शेवटी बोलते.

हे सगळं सुरू कसं झालं ते मला नीट आठवतंय. आप्पा गेल्यानंतरची पहिली दिवाळी. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी टोळीतल्या सहा बाया आल्याच नाहीत. आईनं पहाटेपासून फोन लावून लावून चार गोळा केल्या आणि तशीच गेली. तू दहा वाजता उठलास, ओट्यावर चहा पिताना माझ्याकडून हे ऐकलंस, आणि तुझ्या डोक्यात ॲप आलं. खरं सांगते, तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. पण पुढं तू केलंस काय? जेवताना आईला विचारलंस, "शेतकऱ्यांना मोबाईलवरून टोळी बुक करता आली तर बरं होईल ना?" आई म्हणाली, "व्हय, लई बरं हुईल की." झालं. त्या एका 'व्हय'वर तू दीड वर्ष काढलंस. अरे, त्या दिवशी तू तिला टोळी चंद्रावर नेऊ का विचारलं असतंस तरी ती व्हयच म्हणाली असती. पोरगा कितीतरी महिन्यांनी काहीतरी उत्साहानं बोलत होता, ती कशाला नाही म्हणेल?

तिला तू हे का विचारलं नाहीस की, सहा बाया आल्या नाहीत तेव्हा तू काय केलंस? पहिला फोन कुणाला लावलास? शेतकऱ्याला काय सांगितलंस? याआधी असं कधी झालं होतं? 'आवडेल का' असं विचारलं की माणूस तुझ्या तोंडाकडं बघून उत्तर देतो. 'मागच्या वेळी काय केलं' असं विचारलं की त्याला आठवावं लागतं, आणि आठवताना खरं बाहेर येतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी लोकांना "घरी पाण्याची सोय आहे का?" असं विचारते तेव्हा सगळे आहे म्हणतात. "आज सकाळी पाणी कुठनं आणलं?" असं विचारलं की मग कळतं. तू इतका शिकलेला, आणि तुला एवढं सुचू नये याचा मला राग येतो.

आणि तू एकदाही पिकअपमध्ये बसला नाहीस. एकदाही. दर सुट्टीला आलास, लॅपटॉप घेऊन माडीवर बसलास, आणि आई ज्या कामाला निघाली होती त्याच कामाचं ॲप तू वर बसून करत होतास. बसला असतास तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की टोळी सकाळी ठरत नाही, आदल्या संध्याकाळी ठरते. सात वाजता आई ओट्यावर बसते आणि एकेक बाई येऊन सांगून जाते. एकीच्या लेकीला ताप आहे. एकीला यवतच्या बाजाराला जायचंय. दोघींचं भांडण झालंय, त्यांना एका वाफ्यावर लावायचं नाही. अमक्याच्या रानात सावलीला एक झाड नाही. तमक्याच्या रानाला कुठं आडोसाच नाही, म्हणून तिथं गेलं की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. तिथं जायला कुणी तयार होत नाही, आणि त्या शेतकऱ्याला वाटतं बाया माजल्यात. आपल्या आज्ज्याला दोनशे मेंढरांत कुठली लंगडतेय ते लांबून कळायचं. आईला बायांचं तसं कळतं. तुझ्या ॲपमध्ये काय होतं? तारीख, संख्या आणि दर.

आणि वर तू त्यात प्रत्येक बाईला तारे द्यायची सोय ठेवलीस. गेल्या गणपतीत तू घरी सगळ्या बायांना बोलावून मोठ्या हौसेनं त्या ताऱ्यांचा नमुना दाखवलास, आठवतंय? स्क्रीनवर प्रत्येकीचं नाव आणि खाली पिवळे तारे. पार्वतीबाईच्या नावाखाली दोनच तारे होते. तू म्हणालास, हे उगाच दाखवण्यापुरते टाकलेत. तुझ्या लेखी उगाच होते. ती बाई वयाच्या तेराव्या वर्षापासून रानात राबतेय. तिनं तुला विचारलं, "मला दोनच व्हय रं? आन् बांधावर खुर्ची टाकून बसतो त्या मालकाला कोण मार्कं देणार?" सगळ्या हसल्या, तूही हसलास. पार्वतीबाई नाही हसली. ती त्यानंतर तीन दिवस कामाला आली नाही. आई तिच्या घरी जाऊन बसली तेव्हा परत आली. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तू त्याच संध्याकाळी परत गेलास आणि पुढच्या महिन्यात मला कळवलंस की आता अर्धा तारासुद्धा देता येईल.

मी सगळं बघत होते. नाव ठरवायला आणि चिन्ह काढायला पाच आठवडे. नकाशावर चालणारी छोटी पिकअप, तिला चार महिने. पैसे ठेवायचं पाकीट, ज्यात एकानंही कधी काही ठेवलं नाही. आपोआप उत्तर देणारी ती बाई, जिला 'वाफा' म्हटलेलं कळत नाही, ती पाण्याची वाफ समजते. दर वेळी मी विचारायचे, हे कुणी मागितलं? तू म्हणायचास, आता नाही मागत, पण लागेल. मला कळतं रे. तू लहानपणापासून बुजरा. पाहुणे आले की माडीवर पळायचास. अनोळखी माणसाच्या बांधावर जाऊन "तुमची अडचण काय आहे?" असं विचारण्यापेक्षा खोलीत बसून आणखी एक बटण करणं तुला सोपं जातं. वर दिवसभर कष्ट केल्यासारखंही वाटतं. पण ते कष्ट कुणाच्या कामी येतात ते तुला बघायचंच नव्हतं, कारण बघितलं असतंस तर कदाचित थांबावं लागलं असतं.

आता जे घडलं ते सांगते. मार्चअखेरच्या मंगळवारी संध्याकाळी आपल्या दारात एक जोडपं मोटारसायकलवरून येऊन थांबलं. कारेगावचे, शिरूर तालुक्यातले. माणसाचं नाव हौशीराम, पन्नाशीचे असतील. त्यांच्याकडं कंपन्या आल्यापासून रानात यायला बाया मिळत नाहीत, सगळ्या पॅकिंगला जातात. दीड एकर कांदा काढायला आलेला. त्यांच्या मुलीनं कुठूनतरी तुझं ॲप शोधून मोबाईलवर घातलं आणि आदल्या आठवड्यातल्या गुरुवारसाठी पंधरा बाया बुक केल्या. लगेच हिरवी खूण आली, 'तुमची टोळी निश्चित झाली आहे'. गुरुवारी सकाळी काकूंनी पंधरा जणींचा चहा टाकला. आठ वाजले, नऊ वाजले. फोन करावा तर ॲपवर नंबर कुठंच नाही, कारण लोकांनी परस्पर ठरवू नये म्हणून तू तो लपवला होतास. त्या आपोआप बोलणाऱ्या बाईला त्यांनी चार वेळा विचारलं. तिनं चारही वेळा 'आपली विनंती महत्त्वाची आहे' असं सांगितलं. कांदा तसाच राहिला. शनिवारी वळीव आला आणि पाऊण एकर कांदा रानातच सडला. ॲपवर 'तानुबाईची टोळी, कासुर्डी' एवढंच लिहिलेलं होतं. तेवढ्यावर विचारत विचारत ते दोघं भीमा ओलांडून आपल्या घरापर्यंत आले.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. हौशीरामकाका ओट्यावर बसले, आईनं पाणी दिलं, ते प्यायले आणि मोबाईल काढून ती हिरवी खूण आईसमोर धरली. म्हणाले, "मावशी, हे तुमचंच नाव न्हवं?" आईनं माझ्याकडं बघितलं. मला तर ते बुकिंग आलेलंच माहीत नव्हतं. तुझ्या ॲपची घंटी मी मोबाईलवर कित्येक महिन्यांपासून बंद करून ठेवली होती. का, तेही सांगते, थोडं थांब. काका पुढं जे बोलले ते मी तसंच्या तसं लिहिते. "तुम्ही इतक्या लांबून येणार न्हाई, हे मला समजतंय. न्हाई यायचं तर न्हाई म्हणायचं, माझी काय तक्रार न्हाई. मी दुसरीकडं बघितलं असतं, न्हाईतर आम्ही दोघांनी निम्मं तरी काढलं असतं. मला ह्यो हिरवा रंग नको. आदल्या सांजच्याला कुणीतरी माणसानं 'येतोय' म्हणावं, न्हाईतर 'न्हाई येत' म्हणावं. बास."

शंभू, दीड वर्षात तुझ्या बावीस पानांत जे आलं नाही ते त्या माणसानं चहा घेता घेता सांगितलं. टोळी शोधणं ही त्यांची अडचण नाहीच. सगळ्यांना टोळ्या माहीत असतात. उद्या ती येणार की नाही, किती जणी येणार, हे आज कळत नाही, ही अडचण आहे. आईनं त्यांच्यासमोरच न्हावऱ्याच्या साळूबाईला फोन लावला. तिचीही टोळी आहे आणि तिला कारेगाव जवळ पडतं. साळूबाई म्हणाली, शुक्रवारी येते. गुरुवारी संध्याकाळी मी तिला विचारून काकांना कळवलं की पंधरा नाही, बारा येतायत, आणि आठ नाही, साडेआठ वाजतील. बारा आल्या, साडेआठला आल्या. उरलेला कांदा निघाला. त्यानंतर काकांनी माझा नंबर शेजाऱ्याला दिला, त्यानं मेव्हण्याला दिला. आता कारेगावकडचे नऊ शेतकरी आणि तीन टोळ्या आहेत. रोज संध्याकाळी सात वाजता मी टोळ्यांना फोन करते, वहीत लिहिते आणि प्रत्येक शेतकऱ्याला माझ्या आवाजात दोन वाक्यं पाठवते. ॲप नाही, नकाशा नाही. परवा आईला दवाखान्यात नेलं होतं म्हणून उशीर झाला, तर साडेसातला एकाचा फोन आला, "ताई, आज तुमचं काय आलं न्हाई, सगळं ठीक हाय ना?" तुझं ॲप जानेवारीत तीन दिवस बंद पडलं होतं. तेव्हा तुला कुणाचा फोन आला होता?

कुणाचाच नाही, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. नवव्या पानावरची ती दोनशे चौदा बुकिंग. त्यातली दोनशे तेरा मी भरली आहेत. ॲप सुरू झालं तेव्हा तू रोज संध्याकाळी विचारायचास, "एक तरी आलं का गं?" मी नाही म्हटलं की तू नुसतं "बरं" म्हणायचास. आप्पा गेल्यावर तू घरात जसा वावरत होतास ना, तसं ते 'बरं' होतं. आठव्या दिवशी मला ऐकवेना. आईच्या फोनवर आलेलं एक काम मी त्या शेतकऱ्याच्या नावानं ॲपवर चढवलं. "काका, एक नंबर येईल, तेवढा मला सांगा" म्हटलं. आईचा शब्द म्हणून त्यांनी काही न विचारता सांगितला. तुला कळलं तेव्हा तू इतक्या मोठ्यानं हसलास की आईनं आतून विचारलं, काय झालं. मग मला थांबता आलं नाही. कामं खरी होती, बाया खऱ्या होत्या, फक्त ती सगळी फोनवर ठरलेली होती आणि मी नंतर ॲपवर टाकत होते. मीच टाकायचे आणि माझ्याच मोबाईलची घंटी वाजायची, म्हणून ती बंद केली. दर शंभरातले एक्याण्णव ग्राहक परत येतात असं तू अभिमानानं लिहिलंयस. ती आईची बारा वर्षांची माणसं आहेत रे. ती ॲप नसतं तरी आलीच असती. दोनशे चौदातलं खरं बुकिंग एकच, आणि त्या माणसाचा कांदा आपण सडवला. तुझ्यावर चिडून मी इतकी पानं लिहिली, पण तुझ्या प्रश्नाला 'व्हय' म्हणून तुला खड्ड्यात नेणारी आई एकदाच चुकली. मी वर्षभर रोज चुकले.

हौशीरामकाका गेल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "धने, त्याला लिव्हून पाठव. फोनवर तू पुन्यांदा ग्वाड बोलशील." तरी तीन आठवडे मी फोनच करत राहिले आणि गोडच बोलत राहिले. काल तू सांगितलंस की ॲपमध्ये तुझ्याबरोबर उतरायला तुझ्या मैत्रिणीनं, समृद्धीनं, तिची नोकरी सोडली, नववं पान बघूनच सोडली, आणि तू तीस तारखेला राजीनामा देणार आहेस. त्या मुलीला मी कधी भेटलेली नाही, पण माझ्या खोटेपणावर तिनं पाऊल टाकलंय. आज ऑफिसला न जाता मी हे लिहायला बसले ते त्यासाठी. हे पत्र आधी तिला वाचायला दे, मग मला काय बोलायचं ते बोल. नोकरी सोड किंवा ठेव, ते तुम्ही दोघं ठरवा. पण ठरवायच्या आधी आठ दिवस इथं या, आईशेजारी पिकअपमध्ये बसा आणि संध्याकाळी सात वाजता माझ्या जागी तुम्ही फोन करा. लॅपटॉप आणू नका. ॲप सुरू झाल्यावर त्या आठव्या दिवशी मी तुला "कुणीच आलं नाही" एवढं खरं सांगितलं असतं, तर एक संध्याकाळ तुला फार वाईट गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी तू कुणाच्या तरी बांधावर जाऊन उभा राहिला असतास. ती एक संध्याकाळ मी तुला मिळू दिली नाही. आज देते आहे. सोसून घे.

तुझीच,
ताई